शब्दाखातर माघार



धर्म आणि युद्ध हा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे दोन मते हमखास ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, जगातील सर्व धर्मांचे आचार्य एका व्यासपीठावर येऊन एकमुखाने बोलले तर अणुबाँब टाकण्याची छाती कोणाची होणार नाही. दुसरा पक्ष यावर हसतो. ज्यांच्या हाती सत्ता आणि शस्त्र आहे त्यांनी साधुसंतांचे कधी ऐकले आहे, असे तो विचारतो. पोपजवळ पलटणी किती आहेत, असा प्रश्न स्टालिनने १९३५ साली एका फ्रेंच मंत्र्याला केल्याची हकीकत चर्चिल यांनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या पक्षाचे सारे तत्त्वज्ञान त्या एका प्रश्नात येते.

मी स्वतः या दुसऱ्या पक्षाकडे झुकणारा मनुष्य आहे, हे आधीच कबूल करतो. नागासाकीचे उदाहरण माझ्या मनातून जात नाही. ९ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर जो बाँब पडला तो उराकामी नावाच्या वस्तीवर फुटला. जपानमधील कॅथलिक ख्रिस्ती लोकांची ती फार मोठी आणि जुनी वस्ती होती. तिचे विटांचे भव्य चर्च कोसळले. ज्यांच्या पूर्वजांनी राजसत्तेचा छळ सोसून दोनशेहून अधिक वर्षे आपला धर्म गुप्तपणे जतन केला होता, ते हजारोंनी मेले. बाँब टाकणारे राष्ट्रही बहुतांशी ख्रिस्तीच होते. धर्म एक असूनही तेथे काही अडले नाही. मग निरनिराळ्या धर्मांत सामंजस्य झाल्याने काय अडणार आहे?

तरीही एक प्रसंग असा आहे की ज्यापुढे माझी ही शंकेखोर वृत्ती थोडी थबकते. १९६२ सालच्या ऑक्टोबरातील क्यूबाच्या पेचाचा तो प्रसंग. त्यात एका पोपने केलेल्या शिष्टाईची गोष्ट आहे. भाविक लोक ती सांगतात तशी ती घडली नाही, असे माझे मत आहे. पण स्टालिनच्या प्रश्नाने तिचा निकाल लागतो असेही नाही.

आपल्यातील जी वडीलधारी मंडळी त्या वेळी जाणत्या वयाची होती, त्यांना तो ऑक्टोबर आठवतो तो वेगळ्याच कारणाने. २० तारखेला चीनने नेफा आणि लडाख या दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला. तवांग गेले. लोक रेडिओला कान लावून बसत. संरक्षण निधीसाठी बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. आणि महिनाभरात आपले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्याच पंधरवड्यात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस सगळे जग जळण्याची वेळ आली होती, तिकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. स्वतःच्या घराला आग लागलेला मनुष्य पलीकडच्या आळीतील धूर बघत नाही. त्या धुराचा आपल्या आगीशी संबंध होता, तो पुढे येईलच.

क्यूबा हे बेट अमेरिकेच्या फ्लॉरिडा किनाऱ्यापासून नव्वद मैलांवर आहे. १९५९च्या आरंभी फिडेल कॅस्ट्रो यांची क्रांती तेथे यशस्वी झाली. एप्रिल १९६१मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने क्यूबाच्या निर्वासितांची एक फौज तयार करून बेटावर उतरवली, आणि ती तीन दिवसांत धुळीस मिळाली. पुन्हा स्वारी होणार हे कॅस्ट्रो यांनी गृहीत धरले आणि रशियाचा आधार घेतला, यात नवल नाही. रशियाचे पंतप्रधान क्रुश्चेव्ह यांचा हिशेब मात्र याहून मोठा होता. अमेरिकेजवळ त्या वेळी अंदाजे पंचवीस हजार अण्वस्त्रे होती, तर रशियाजवळ तीन-साडेतीन हजार. शिवाय अमेरिकेने तुर्कस्तानात ज्युपिटर नावाची पंधरा क्षेपणास्त्रे उभी केली होती आणि ती रशियातील शहरांवर काही मिनिटांत पोचू शकत होती. शेजाऱ्याने आपल्या दारावर तोफ रोखली असेल तर आपणही त्याच्या दाराशी एक नेऊन ठेवावी, हा क्रुश्चेव्ह यांचा विचार.

सत्तेच्या राजकारणाची भाषा येथे ऐकण्यासारखी आहे. तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे संरक्षणासाठी आणि क्यूबातील आक्रमणासाठी, असे वॉशिंग्टनचे म्हणणे. मॉस्कोचे म्हणणे याच्या बरोबर उलट. आता क्रुश्चेव्ह यांनी आपले काम चोरून केले आणि तशी शस्त्रे तेथे नाहीत असे धडधडीत खोटे सांगितले, हा दोष त्यांच्याकडे जातो. पण चोरी उघड केली म्हणून पकडणारा साव ठरत नाही. या दिवसांत दोन्ही देशांच्या अणुचाचण्यासुद्धा थांबल्या नव्हत्या. अमेरिकेने २० आणि २६ ऑक्टोबरला, रशियाने २२ आणि २८ ऑक्टोबरला अतिउंच आकाशात अण्वस्त्रांचे स्फोट केले. तोंडाने शांततेची बोलणी चालू होती आणि हाताने हे चालले होते. जेमतेम महिन्यापूर्वी आपले राजाजी, त्र्याऐंशी वर्षांचे, पहिल्यांदाच पाश्चात्त्य देशांच्या प्रवासाला निघून वॉशिंग्टनमध्ये केनेडी यांना भेटले होते ते याच चाचण्या थांबवाव्यात असे सांगण्यासाठी. केनेडी यांनी त्यांचे सारे ऐकून घेतले. चाचण्या चालू राहिल्या.

घटनाक्रम थोडक्यात असा. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या टेहळणी विमानाने क्यूबातील तळांची छायाचित्रे घेतली. १६ तारखेला ती अध्यक्ष केनेडी यांच्यापुढे आली. २२ तारखेला त्यांनी टेलिव्हिजनवरून भाषण करून क्यूबाकडे शस्त्रे नेणारी जहाजे अडवण्याची घोषणा केली. नाकेबंदी हे आंतरराष्ट्रीय कायद्यात युद्धाचे कृत्य ठरते, म्हणून तिला 'क्वारंटाइन' म्हटले. साथीच्या दिवसांत बंदरावर जहाजे अडकवून ठेवतात त्यासाठीचा हा शब्द. २४ तारखेच्या सकाळपासून अमेरिकन युद्धनौका समुद्रात वाट अडवून उभ्या राहिल्या.

त्याच दिवशी पहिला मध्यस्थ पुढे आला. तो म्हणजे राष्ट्रसंघाचे प्रभारी सरचिटणीस ऊ थांट, ब्रह्मदेशातील एक शाळामास्तर आणि निष्ठावंत बौद्ध. त्यांनी दोन्ही नेत्यांना सारखीच पत्रे पाठवली. दोन-तीन आठवडे रशियाने शस्त्रे पाठवणे थांबवावे आणि अमेरिकेने जहाजे अडवणे थांबवावे, मग बोलावे, अशी त्यांची सूचना होती.

दुसरी हालचाल अमेरिकेतील अँडोव्हर या गावी झाली. तेथे अमेरिकन आणि रशियन लेखक-विद्वानांचे एक संमेलन योगायोगाने याच आठवड्यात भरले होते. नॉर्मन कझिन्स नावाचे संपादक त्यात होते आणि फेलिक्स मॉर्लियाँ नावाचे एक बेल्जियन धर्मोपदेशकही आले होते. पोपने मध्यस्थी केली तर चालेल का, अशी विचारणा या मंडळींनी आपापल्या वाटांनी दोन्ही सरकारांकडे केली. दोघांकडून नकार आला नाही.

पोप तेविसावे जॉन हे त्या वेळी ऐंशी वर्षांचे होते आणि पोटाच्या कर्करोगाने ग्रासलेले होते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा वृद्ध मनुष्य हस्तिदंती मनोऱ्यात राहणारा नव्हता. बल्गेरिया आणि तुर्कस्तान या देशांत व्हॅटिकनचा प्रतिनिधी म्हणून त्याने वीस वर्षे काढली होती, आणि परधर्मी व परपंथी लोकांत कसे वागावे हे तो तेथे शिकला होता. दोनच आठवड्यांपूर्वी, ११ ऑक्टोबरला, त्यांनी आपल्या चर्चची विश्वपरिषद रोममध्ये सुरू केली होती आणि तिला मॉस्कोच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे दोन निरीक्षकही आले होते. २५ ऑक्टोबरच्या दुपारी पोपने व्हॅटिकन रेडिओवरून फ्रेंच भाषेत एक निवेदन वाचले. त्याची प्रत दोन्ही वकिलातींकडे आधीच पोचती केली होती. राज्यकर्त्यांनी मानवजातीचा आक्रोश ऐकावा, बोलणी सुरू ठेवावीत, असा त्याचा आशय. त्यात क्यूबाचे नाव नव्हते, अमेरिकेचे नव्हते, रशियाचेही नव्हते. क्षेपणास्त्र हा शब्दसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी, २६ ऑक्टोबरला, रशियन कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र 'प्रावदा' याने हे निवेदन पहिल्या पानावर छापले. हे केवढे नवल होते ते लक्षात घ्या. याच क्रुश्चेव्ह यांच्या राजवटीत त्या वर्षांत रशियातील हजारो चर्चना, मशिदींना, सिनेगॉगना कुलपे ठोकली जात होती. धर्म ही अफू आहे असे शाळेतील मुलांना पढवणाऱ्या सरकारला रोमच्या धर्मगुरूचे शब्द पहिल्या पानावर घ्यावेसे वाटले.

येथे भाविक लोक म्हणतात, पाहा, पोपच्या शब्दाने क्रुश्चेव्ह यांचे मन पालटले. तारखा याला साक्ष देत नाहीत. क्षेपणास्त्रे वाहून नेणारी रशियन जहाजे माघारी वळली ती २३-२४ तारखेला, म्हणजे पोप बोलण्याच्या आधी. पुढे रशियातील दप्तरे खुली झाल्यावर असेही दिसून आले की २५ तारखेच्या बैठकीतच क्रुश्चेव्ह यांनी आपल्या सहकाऱ्यांना सांगितले होते, की अमेरिका क्यूबावर स्वारी न करण्याचे वचन देत असेल तर क्षेपणास्त्रे काढून घेता येतील. माघारीचा विचार अगोदर झाला होता. मग पोपचे निवेदन छापायचे कशाला?

आपल्या गावाकडे बांधाचे भांडण होते, त्याची आठवण करा. दोघे भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे राहतात. दोघांनाही आत कळलेले असते की हातभर जमिनीसाठी फासावर जाणे परवडणार नाही. पण आधी मागे फिरायचे कोणी? जो फिरेल त्याला गाव भित्रा म्हणेल. अशा वेळी कोणी म्हातारा काठी टेकत येतो आणि म्हणतो, 'अरे, माझ्या शब्दाखातर सोडा.' म्हाताऱ्याला मोजणीचा नकाशा ठाऊक नसतो, कोणाचा बांध किती सरकला हेही ठाऊक नसते. पण दोघे भाऊ कुऱ्हाडी खाली घेतात आणि घरी जाऊन सांगतात, 'म्हाताऱ्याचा शब्द मोडवेना.' पोपने पुरवले ते हे निमित्त. 'प्रावदा'ने ते छापले तेव्हा क्रुश्चेव्ह आपल्या लोकांना सांगत होते की आपण भ्यालो नाही, मानवजातीची हाक ऐकली. पोपला पलटणी नव्हत्या म्हणूनच त्याच्या शब्दाखातर मागे फिरण्यात मानहानी नव्हती. केनेडी यांच्या शब्दाने फिरले असते तर ती झाली असती.

यातील गंमत अशी की केनेडी स्वतः कॅथलिक, अमेरिकेचे पहिले कॅथलिक अध्यक्ष. पण १९६०च्या निवडणुकीत, आपण पोपची आज्ञा पाळणार नाही, असे त्यांना प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेत सांगावे लागले होते. त्यामुळे पोपचा उघड गौरव त्यांना परवडणारा नव्हता. नास्तिकाने पोपला पहिल्या पानावर बसवले आणि अनुयायाला मोजूनमापून बोलावे लागले.

आता आपल्या आगीकडे येतो. ज्या 'प्रावदा'ने २६ तारखेला पोपचे निवेदन छापले त्याच 'प्रावदा'ने आदल्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, भारत-चीन सीमेवर अग्रलेख लिहिला होता. त्यात चीनच्या अटींवर बोलणी करावीत असा भारताला उपदेश होता आणि मॅकमहोन रेषेची निंदा होती. कालपर्यंत भारताचा मित्र म्हणवणारा रशिया क्यूबात अडकल्यावर चीनची मर्जी राखू लागला. क्यूबाचे वादळ शमले, आणि ५ नोव्हेंबरला त्याच पत्राने पुन्हा तटस्थ सूर धरला. तेव्हा एका दिवशी भारताला चीनच्या अटी ऐकवणे आणि दुसऱ्या दिवशी जगाला पोपची हाक ऐकवणे, ही दोन्ही कामे एकाच गरजेतून झाली. त्या आठवड्यात मॉस्कोला पोपही हवे होते आणि पेकिंगही हवे होते. धर्माचा आदर आणि मित्राचा त्याग हे दोन्ही बाजारभावाने ठरत होते, हे विसरून चालणार नाही.

खरा तोडगा निघाला तो २७ ऑक्टोबरच्या रात्री, बंद दाराआड. अध्यक्षांचे धाकटे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी रशियन राजदूत डोब्रिनिन यांना गाठले. क्यूबावर स्वारी करणार नाही हे वचन उघडपणे देऊ. तुर्कस्तानातील ज्युपिटर क्षेपणास्त्रे चार-पाच महिन्यांत काढून घेऊ, पण याची वाच्यता झाली तर तो करार नाही असे समजा, असा निरोप होता. २८ तारखेच्या सकाळी मॉस्को रेडिओने क्षेपणास्त्रे परत नेण्याचे जाहीर केले. देवाणघेवाण झाली होती, पण जगाला दिसली ती फक्त रशियाची घेवाण गेली आणि देवाण राहिली अशी. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण अमेरिकनांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

या झाकल्या मुठीचा परिणाम वाईट झाला, असे माझे मत आहे. केनेडी निश्चल उभे राहिले आणि रशियाने पापणी मिटली, असा धडा जगाने घेतला. ही गुप्त अट उपाध्यक्ष जॉन्सन यांनासुद्धा सांगितलेली नव्हती. आणि वर्षभरानंतर केनेडी यांचा खून झाल्यावर तेच जॉन्सन अध्यक्ष झाले आणि व्हिएतनामच्या युद्धाचे निर्णय त्यांनी घेतले. ज्याला सौदा ठाऊकच नाही तो ताठपणावरच भिस्त ठेवणार. रॉबर्ट केनेडी यांची या पेचावरील आठवणींची हस्तलिखिते त्यांच्या मृत्यूनंतर १९६९मध्ये पुस्तकरूपाने निघाली, तेव्हाही तो सौदा स्पष्टपणे येऊ दिला नव्हता. आपण ते वाक्य गाळले, अशी कबुली संपादन करणारे सोरेन्सन यांनी १९८९मध्ये मॉस्कोच्या एका परिषदेत दिली.

शिवाय शहाणपणाचे सगळे श्रेय वाटून झाले तरी नशिबाचा वाटा उरतोच. २७ ऑक्टोबर या एका दिवसात क्यूबावर एक अमेरिकन टेहळणी विमान पाडले गेले आणि वैमानिक ठार झाला. दुसरे एक तसलेच विमान उत्तर ध्रुवाकडून वाट चुकून रशियाच्या हद्दीत शिरले. आणि अमेरिकन नौकांनी एका रशियन पाणबुडीला वर येण्यास भाग पाडण्यासाठी पाण्यात इशाऱ्याचे स्फोट केले. त्या पाणबुडीत एक अण्वस्त्राचा पाणतीर होता, हे नौकांवरील कोणालाही ठाऊक नव्हते. पाणबुडीचा कप्तान तो सोडण्याच्या बेतात आला होता आणि वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला शांत केले, असे त्याच पाणबुडीवरील एका अधिकाऱ्याने सांगितले आहे; इतरांच्या आठवणी तपशिलात त्याच्याशी जुळत नाहीत. क्यूबात मोठ्या क्षेपणास्त्रांखेरीज रणांगणावर वापरायची लहान अण्वस्त्रेही आधीच पोचली होती. त्या वेळचे अमेरिकन संरक्षणमंत्री मॅकनामारा यांना हे कळले ते १९९२मध्ये, हवानातील परिषदेत. त्यांच्या सेनापतींनी सुचवलेली स्वारी झाली असती तर पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर काय झाले असते याची कल्पना करावी. आणि पाणबुडीत व्हॅटिकनचा रेडिओ ऐकू येत नव्हता.

आपण कृष्णशिष्टाईचे उदाहरण नेहमी देतो. कृष्णाने हस्तिनापुरात जाऊन नेमके मागितले: पाच गावे द्या. मागणी नेमकी होती म्हणून दुर्योधनाला ती नेमकेपणाने नाकारता आली. ऊ थांट यांची सूचना त्या जातीची होती. ती केनेडी यांनी सरळ मान्य केली नाही. पोपने काहीच मागितले नाही, म्हणून कोणाला काही नाकारावे लागले नाही. धर्माच्या आवाहनाचे बळ त्याच्या मोघमपणात होते, आणि त्याचे दुबळेपणही त्यातच. बांध कोणी सरकवला हे तो म्हातारा सांगत नाही. भांडण त्या दिवसापुरते मिटते, बांध जिथल्या तिथे राहतो.

पुढल्या काही महिन्यांत मात्र या मोघम सलोख्यातून काही नेमक्या गोष्टी निघाल्या, हे शंकेखोरानेही मान्य केले पाहिजे. डिसेंबरात कझिन्स मॉस्कोला जाऊन क्रुश्चेव्ह यांना भेटले. युक्रेनचे धर्मगुरू जोसेफ स्लिपी हे १९४५पासून तुरुंगात आणि श्रमछावण्यांत होते. अठरा वर्षांनंतर त्यांची सुटका झाली आणि फेब्रुवारी १९६३मध्ये ते रोमला पोचले. मार्चमध्ये क्रुश्चेव्ह यांचे जावई अजुबेई पोपच्या भेटीस गेले. यावरून इटलीत मोठी टीका झाली; एप्रिलच्या निवडणुकीत कम्युनिस्टांची मते वाढली तेव्हा पोपनेच ती वाढवली असे सनातनी कॅथलिक म्हणू लागले. आणि रशियात चर्चना कुलपे लावणे चालूच राहिले.

११ एप्रिल १९६३ रोजी पोप जॉन यांनी आपले शेवटचे परिपत्रक प्रसिद्ध केले. ते केवळ कॅथलिकांना उद्देशून नव्हते, सद्भावनेच्या सर्व माणसांना उद्देशून होते. अणुयुगात हक्क मिळवण्याचे साधन म्हणून युद्धाकडे पाहणे बुद्धीला धरून नाही, असे त्यात म्हटले होते. ३ जूनला ते वारले. त्याच एप्रिलच्या अखेरीस तुर्कस्तानातील शेवटचे ज्युपिटर क्षेपणास्त्र उतरवले गेले. परिपत्रकाचा मजकूर जगभरच्या वर्तमानपत्रांत आला. ती क्षेपणास्त्रे जुनी झाली म्हणून काढली, असे लोकांना सांगण्यात आले.